पाठमोरी झाडणी

आश्विनातले ऊन कलते, तेव्हा जयंतगडचा थोरला चौक सोन्याचा होतो.

पूर्वेला पंचखणी नगारखाना, उत्तरेला कमानींची ओळ, दक्षिणेला जुन्या कचेरीची निळसर पडलेली भिंत. आणि पश्चिमेला तट. काळा, कातळकठोर, तीन शतकांचे शेवाळ अंगावर वागवणारा. तटामागे सूर्य झुकू लागला की नगारखान्याच्या सागवानी सज्जांवर, तांब्याच्या कळसांवर, पारव्यांच्या पंखांवर पिवळे, पिकले, परिपक्व ऊन ओघळत राहते. खाली मधोमध मातीचे अंगण आहे. भोवतीचा सारा रस्ता डांबरी झाला, एवढे अंगण मात्र मातीचे ठेवले आहे. तसा रिवाज आहे.

रिवाज हा शब्द जयंतगडात फार चालतो. कुणाला काही द्यायचे असले तर रिवाज आठवतो, आणि द्यायचे नसले तर तो अधिकच लवकर आठवतो.

राजधानी होती ही, एके काळी. संस्थान नकाशावरून गेले, नाणी वितळली, हत्ती म्हातारे होऊन मेले, चौक राहिला. पहिल्या महाराजांनी सात किल्ल्यांची माती आणून तो भरवला, असे सांगतात. इथे राज्यारोहणाचे चौघडे झडले, आणि इथेच दुष्काळात धान्य मागायला आलेल्यांच्या पाठीवर वेत उमटले. इथे शूरांना सोन्याची कडी मिळाली, बंडवाल्यांना लोखंडाची. विलीनीकरणाचे फर्मान इथेच वाचले गेले. जुने निशाण उतरले, नवे चढले, आणि लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मातीने सारे पाहिले, सारे पोटात घातले. दर दसऱ्याला ती एकदा झाडून काढली की मागच्या वर्षाचे काही उरत नाही.

ती माती झाडण्याचा मान भिवराबाईच्या घराण्याचा.

आधी सडा, मग झाडणी. मग नगारा, मग देवीची पालखी, मग महाराजांची स्वारी. मग आपट्याच्या ढिगावर तलवार, आणि मग सोने. हा क्रम तीनशे वर्षे मोडलेला नाही. आणि झाडणी पाठमोरी.

नगारखान्यासमोरच्या जयस्तंभाच्या पायरीपासून सुरुवात करायची. तोंड पूर्वेला, पाठ पश्चिमेला. कमरेत वाकून शिंदीची केरसुणी डावीकडे, उजवीकडे फिरवायची आणि एकेक पाऊल मागे सरायचे. आपलेच पाऊल उचलायचे आणि आपणच त्याचा ठसा पुसायचा. देवीच्या पालखीआधी त्या मातीवर कुणाचे पाऊल दिसता कामा नये; झाडणारीचे तर नाहीच नाही.

मागे सरता सरता पाठ तटाला येते. तटाच्या पोटात एक दिंडी आहे, माणूस वाकून जाईल एवढीच. तिचा उंबरा टाचेने चाचपायचा, मागच्या मागे बाहेर पडायचे, हात लांबवून आतला शेवटचा ठसा पुसायचा. नगाऱ्याचा पहिला ठोका पडला की आतून अडणा लागतो. सोहळा संपेपर्यंत तो निघत नाही. बाहेर खंदक, खंदकाच्या काठाने मागची आळी. वळसा घालून यायचे तर पार वेशीपर्यंत जावे लागते, आणि तोवर सोने लुटून झालेले असते.

जी माती झाडते, तिने सोहळा पाहायचा नाही. हे कुठे लिहिलेले नाही, आणि लिहिलेले नसल्यामुळे ते खोडताही आले नाही.

मान मोठा होता. फक्त त्यात मान वर करणे बसत नव्हते.

म्हणून या घराण्याला सोहळा कानांनी पाठ आहे. भिवराबाई एकोणसत्तर वर्षांची. तिची आई राहीबाई, तिची आजी सटवाबाई. तिघी, लहानपणी आईशेजारी आणि मग स्वतः झाडून, दिंडीच्या बाहेर, त्याच एका दगडावर, दाराच्या त्याच एका फळीला कान लावून म्हाताऱ्या झाल्या. नगाऱ्याचे अकरा ठोके. तुतारीची लांब, लवलवती लकेर. पालखीच्या दांड्याची करकर. घोड्यांच्या नालांचा डांबरावर खडखडाट, आणि माती लागली की तोच आवाज मऊ. चोपदाराची ललकारी. एकामागून एक, सारे ओळखीचे.

आणि मग शांतता.

हजारो माणसांची शांतता. लेकरे आयांच्या खांद्यावर गप्प होतात, पारवे सज्जात बसून राहतात. त्या शांततेत महाराज घोड्यावरून उतरतात, अनवाणी चार पावले चालतात, पालखीसमोर गुडघा टेकतात, आणि नुकत्याच झाडलेल्या मातीची चिमूट उचलून कपाळी लावतात. तलवार नंतर, सोने नंतर. आधी माती.

असे म्हणतात.

“आपुण झाडल्याली माती राजाच्या कपाळाला लागती,” राहीबाई लेकीला सांगायची. चुलीपुढे सांगायची, खंदकावर धुणे आपटताना सांगायची, पोरीची वेणी घालताना सांगायची. आणि प्रत्येक वेळी, घास गिळावा तसा एक शब्द गिळून मग हळूच म्हणायची, “म्हनं.”

त्या शब्दात तिचे सारे आयुष्य होते. अठ्ठेचाळीस दसरे तिने ती माती झाडली, आणि अठ्ठेचाळीस वेळा ती शांतता फळीपलीकडून ऐकली. शेवटच्या आजारात पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा तिने भिवराचा हात धरला. देवाचे नाव तिने घेतले नाही. “भिवरे, एकदा डोळ्यांनी बघ,” ती म्हणाली. “खरंच लावत्यात का, तेवढं बघ.”

भिवराबाईने आयुष्यात फार काही मागितले नाही. नवरा लवकर गेला, त्याबद्दल ती कुणाशी भांडली नाही. पण हे एक तिला हवे होते.

लोकांना तिने विचारून पाहिले. एक म्हणाला, लावतात. दुसरा म्हणाला, नुसते वाकून बोट टेकवतात. तिसऱ्याने शपथेवर सांगितले की मातीबिती काही नसते, तबकात कुंकू असते. कानाने घेतलेले कानातच राहते, काळजापर्यंत उतरत नाही. एका वर्षी तिच्या मुलीने, मंदाकिनीने, दुसऱ्या दिवशी केबलवर सोहळा लावून दिला. म्हातारी पडद्यापुढे नाक टेकवून बसली. नगारा झाला, तुतारी झाली, शांतता पडली, महाराज वाकू लागले. आणि नेमका तेव्हाच कॅमेरा पाहुण्या मंत्र्यांच्या चेहऱ्यावर गेला. मंत्री घाम पुसत होते.

मंदाकिनी पोस्टात कारकून. शिकलेली, स्वच्छ कपड्यांची, आणि रागाने भरलेली. तिने दसऱ्याला त्या चौकात कधी पाऊल ठेवले नाही. जिथे आईला उभे राहता येत नाही तिथे मी बसणार नाही, हे तिने विसाव्या वर्षी ठरवले आणि पंचेचाळीसाव्यापर्यंत पाळले.

“आई, सोड ती केरसुणी,” ती दरवर्षी म्हणायची. “त्यांना झाडायला पगारी माणसं मिळतील.”

“त्यांला दुसरी मिळंल गं,” भिवराबाई म्हणायची. “मला ही माती कुठं मिळंल?”

लक्ष्मीपूजनाला घरोघर केरसुणीला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात. ती धरणाऱ्या हाताला काय म्हणतात ते मंदाकिनीने शाळेत ऐकले होते. आईला मात्र त्याचा राग येत नाही, याचा तिला जास्त राग यायचा.

यंदा चौकाला तीनशे वर्षे होणार होती.

भाद्रपद सरता सरता बापूसाहेब इंगवले मागच्या आळीत आले. निवृत्त मुख्याध्यापक, सोहळा समितीचे अध्यक्ष, पांढरे धोतर चिखलातून सावरीत आले. माणूस भला होता. आळीत ते पहिल्यांदाच येत होते, आणि याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

“आजी, झाडणी तुमचीच,” ते म्हणाले. “पण यंदा दिंडीतून बाहेर जायचं नाही. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची. नाव लिहून.”

“खुर्ची?” भिवराबाई म्हणाली.

“महाराजांशी बोललो आहे. त्यांनाही बरं वाटलं.”

“तितनं दिसंल?”

“काय?”

म्हातारीने लेकीकडे पाहिले, मग पायाच्या अंगठ्याकडे. “माती लावत्यात ते.”

बापूसाहेबांनी तिच्या हाताकडे पाहिले. आपण साठ वर्षे ते पाहत आलो, आणि ज्या हाताने ती माती साफ होते त्याने ते पाहिलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात त्या क्षणी आले. उशिरा आले, पण आले. “अगदी समोर दिसेल, आजी,” ते म्हणाले.

अडचण एकच होती. झाडणी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, आणि खुर्च्या पूर्वेला. झाडलेल्या मातीवरून परत कसे यायचे? बापूसाहेबांनी त्यावरही तोड काढली. मातीच्या उत्तरेच्या कडेने, कमानींच्या पायाशी, दगडी फरशीची एक अरुंद पट्टी आहे. फरशीवर पाऊल उमटत नाही. दिंडीशी पोहोचायचे, शेवटचा ठसा पुसायचा, आणि मागे न जाता बाजूला वळून फरशीवर चढायचे.

आदल्या दिवशी मायलेकी चौकात जाऊन सराव करून आल्या. दिंडीपासून खुर्चीपर्यंत बासष्ट पावले. खुर्ची पांढऱ्या अभ्र्याची, पाठीला कागद चिकटवलेला. भिवराबाईला वाचता येत नव्हते. मंदाने तिचे बोट धरून अक्षरांवरून फिरवले. “हे तू,” ती म्हणाली. म्हातारीने बोट मागे घेऊन पदराला पुसले, कागद मळू नये म्हणून.

त्या रात्री मंदाने पंचवीस वर्षांचा नेम मोडला. “मी पण येते,” ती म्हणाली. “तुझ्याशेजारी बसते. दोघी मिळून बघू.”

दसरा उजाडला. झेंडूंनी न्हालेला, तोरणांनी तोललेला, निळा, नितळ, निरभ्र दसरा.

दुपार उतरली. सडा सुकून माती मऊ झाली. नगारखान्याखाली खुर्च्या भरू लागल्या, कमानींतून माणसे दाटू लागली. सज्जांतून, गच्चीतून, कठड्यांवरून माणसेच माणसे. आणि मधोमध ते रिकामे, रुंद, वाट पाहणारे अंगण. त्यात एकटी भिवराबाई. अंगावर लेकीने आणलेली आमसुली इरकल, हातात नवी केरसुणी.

मुहूर्त घड्याळावर नसतो, सावलीवर असतो. तटाची सावली सरकत सरकत जयस्तंभाच्या पायरीला टेकली की नगारा वाजतो. म्हणजे सावली तिथे पोहोचायच्या आधी झाडणारीने पश्चिम गाठायची. भिवराबाईला ती सावली आपल्या घराच्या अंगणाइतकी ओळखीची होती.

तिने पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि वाकली.

डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. शिंदीच्या पात्यांची सळसळ, मातीची सुरसुर. पाऊल मागे, ठसा पुसला. पाऊल मागे, ठसा पुसला. तिच्यापुढे माती अर्धचंद्रांच्या ओळींनी सजत गेली, पाटावर पीठ पसरावे तशी. लोक बोलत होते, हसत होते, मोबाईल उंच धरत होते. तिला काही ऐकू येत नव्हते. या कामात ती राजाची प्रजा नव्हती, आळीतली नव्हती, कुणाची विधवा नव्हती. हात आणि माती, एवढेच होते.

चौकाच्या मध्याशी ती थांबली. पालखी टेकते ती जागा हीच. महाराज गुडघा टेकतात ती इथेच, हातभर पुढे. इथली चिमूट. दरवर्षी ती इथून तशीच मागे सरे. आज मात्र तिला ती जागा सोडवेना. आज ती चिमूट ती पाहणार होती. तिने केरसुणी बाजूला ठेवली आणि बोटांनी खडे वेचू लागली. बारीक बारीक खडे, झाडूला न गवसणारे. एक काडी, पारव्याचे एक पीस, फुटलेल्या बांगडीची हिरवी कपची. राजाच्या कपाळाला टोचू नये. आईच्या मातीत खडा निघाला असे कुणी म्हणू नये. खडे तिने ओच्यात टाकले, तळहाताने माती सारखी केली, पुन्हा केरसुणी घेऊन त्या जागेवरून तीनदा फिरवली.

ती माती इतकी सुरेख झाली की तिचे तिलाच बरे वाटले. आयुष्यात इतके बरे तिला क्वचित वाटले होते.

तेवढ्यात सावली पुढे सरकली.

तिने पाहिले आणि तिचा हात भरभर चालू लागला. मागे, मागे, मागे. कंबर ठणकत होती, इरकलीचा काठ टाचेत येत होता. डावीकडे, उजवीकडे. तट जवळ आला, गारवा पाठीला लागला. अजून चार पावले. फरशी डाव्या हाताला आहे, हे तिला ठाऊक होते. तिने ते मनात म्हटलेही होते: बाजूला वळायचे, बासष्ट पावले. अजून दोन. तोंड पूर्वेलाच होते; दूर खुर्च्यांच्या पांढऱ्या रांगेत लेकीची निळी साडी दिसत होती.

सावली पायरीला टेकली, आणि नगाऱ्याचा पहिला ठोका पडला.

झाडणारी म्हणून सत्तावीस वर्षे हा ठोका तिने ऐकला होता. त्याआधी आईने अठ्ठेचाळीस वर्षे ऐकला, त्याआधी आजीने. ठोका पडला की झाडणारी आत असता कामा नये. हे मनाला सांगावे लागत नाही, अंगाला कळते. तिची टाच मागे गेली. टाचेने उंबरा चाचपला, उंबरा सापडला, पाऊल पलीकडे पडले. दुसरे पाऊल त्यामागून गेले. पाठ वाकून कमानीखालून निघाली. हात लांबला, आतला शेवटचा ठसा त्याने पुसला, सुबक, सफाईने, दरवर्षीसारखा.

आणि दिंडी लागली.

अडणा सरकल्याचा आवाज झाला, तेव्हा भिवराबाई नेहमीच्या दगडावर टेकत होती. अर्धी टेकली, आणि तिच्या ध्यानात आले.

तिला कुणी हाकलले नव्हते. कुणी जा म्हटले नव्हते. तीनशे वर्षांत पहिल्यांदाच आत थांब असे सांगणारी माणसे होती, आत थांबायला खुर्ची होती, खुर्चीवर तिचे नाव होते. आणि ती बाहेर होती.

दुसरा ठोका पडला. तिसरा. चौथा.

ती फळीकडे गेली. ठोकावे, तिने ठरवले. आत फरशीवर गणोजी आहे, दिंडीचा राखणदार. तो ओळखीचा आहे, उघडील. तिने हात उचलला. पण नगारे दणाणत होते, तुतारी फुटली होती, घोडे खडखडत होते, चोपदार ओरडत होता. तिने ठोकले; जुन्या सागाच्या फळीवर म्हातारीची मूठ. ते तिचे तिलाही ऐकू आले नाही. तिने पुन्हा ठोकले. घोड्यांच्या नालांचा आवाज मऊ झाला. म्हणजे माती लागली. तिची माती.

तिने सगळे बळ एकवटून मूठ वर केली.

आणि शांतता पडली.

पलीकडे हजारो माणसे श्वास रोखून उभी राहिली. पारवे गप्प. लेकरे गप्प. आता फळीवर टिचकी मारली असती तरी नगारखान्यापर्यंत गेली असती. आता ठोकले असते तर गणोजीने ऐकले असते, बापूसाहेबांनी ऐकले असते, महाराजांनीही मान वळवली असती. आता, याच क्षणी, ते वाकत असतील. याच क्षणी चिमूट उचलत असतील.

भिवराबाईची मूठ हवेत थांबली.

ही शांतता मोडायची नसते. तिने लहानपणी एकदा इथेच शिंक दिली होती, तेव्हा आईने तोंडावर हात दाबून धरला होता. तिने ती मूठ खाली आणली नाही, फळीवर मारली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती श्वास रोखून उभी होती, आतल्या माणसांसारखीच, त्यांच्याइतकीच निःशब्द. सोहळ्याचा मान तिने राखला. दुसरे तिला येतच नव्हते.

मग तलवारीखाली आपट्याची पाने सळसळली, आणि गर्जना उठली, आणि तिची मूठ सैल झाली.

सोने लुटले गेले. सूर्य बुडाला. अडणा निघाला.

गणोजीने दिंडी उघडली आणि तिला पाहून तो दचकला. साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याच्या पागोट्यात आपट्याचे पान खोवलेले होते.

“आक्का, तू हितं कशी? तुझी तर खुर्ची हाय आत.”

“तूच लावलास की अडणा.”

गणोजीने अडण्याकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे. “चाळीस वर्सं लावतोय,” तो म्हणाला. “ठोका पडला, मी पालखीकडं बघत हुतो. मागनं हात गेला बघ.” पागोट्यातले पान काढून त्याने तिच्यापुढे धरले. तिने ते घेतले, कारण सोने नाकारू नये.

गर्दी पांगत होती. त्या गर्दीला कापत निळी साडी धावत आली. मंदाकिनीचे केस सुटले होते.

“कुठं गेलीस, आई? मी सगळीकडं बघितलं. ती फरशी, त्या कमानी. नगारा वाजला, सगळी माणसं उभी राहिली, मला काही दिसेना. बसली तेव्हा तू नव्हतीस. मग समितीचा तो बिल्लेवाला आला. पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची बरी दिसत नाही म्हणाला, आणि कुणाच्या तरी पाहुणीला बसवलं. मी भांडले त्याच्याशी. कुठं गेलीस?”

“मी न्हाई गं गेले,” भिवराबाई म्हणाली. “पाय गेलं.”

मंदाकिनी उभी राहिली. पंचवीस वर्षे ती या तटाशी, या रिवाजाशी, या गावाशी मनातल्या मनात भांडत आली होती. आज गाव चूक नव्हते, बापूसाहेब चूक नव्हते, तटालाही काही म्हणता येत नव्हते. तिचा राग कुणाच्या दारात नेऊन ठेवावा, ते तिला कळेना. तिने आईच्या पायांकडे पाहिले. मातीने माखलेले, भेगाळलेले, आज्ञाधारक पाय. त्यांचाही राग करवेना.

मग म्हातारीने विचारले. आवाज अगदी साधा होता, भाजी झाली का विचारावे तसा.

“तू तर हुतीस आत. लावली का त्यानं माती?”

खोटे बोलणे सोपे होते. लावली, आई, एक शब्द, आणि एका म्हातारीला रात्री झोप लागली असती. मंदाकिनीच्या ओठांवर तो आलाही. पण आईचे डोळे तिच्या डोळ्यांत होते, आणि त्या डोळ्यांपुढे तिला खोटे बोलवले नाही.

“मी बघितलंच नाही,” ती म्हणाली. “सगळे तिकडं बघत होते. मी मागं वळून तुलाच शोधत होते.”

भिवराबाईने हातातले आपट्याचे पान कनवटीला खोवले. सटवाबाईने ऐकले, राहीबाईने ऐकले, तिने ऐकले. आणि आता लेक आत असूनही लेकीला दिसले नाही.

दोघी आत गेल्या. संध्याप्रकाश करडा झाला होता. अंगणभर पाने, फुलांच्या पाकळ्या, कागदी पेले, आणि पावले. हजारो पावले, बुटांची, चपलांची, अनवाणी, घोड्यांच्या नालांची, एकावर एक, एकात एक. दुपारी मातीवर नसलेली माणसे सारी तिथे उमटली होती. भिवराबाई चौकाच्या मध्याशी आली आणि वाकून पाहू लागली. कुठे बोटांनी माती उचललेली दिसते का. कुठे चिमटीएवढा, अंगठ्याएवढा खळगा. त्या जागेवर कुणाची तरी टाच रुतली होती.

मंदाकिनी खाली बसली. तिने तिथलीच एक चिमूट उचलली आणि हात आईच्या कपाळाकडे नेला.

म्हातारीने तिचे मनगट धरले. “ही नव्हं,” ती म्हणाली. “ती झाडल्याली हुती. ही तुडवल्याली हाय.” तिने लेकीची बोटे हळूच उघडली, माती खाली पडू दिली. मग ओचा सोडला. खडे अजून त्यात होते. काडी, पीस, हिरवी कपची. ते तिने मातीत परत टाकले.

“मोठ्या कमानीनं जाऊ, आई,” मंदाकिनी म्हणाली. “चल.”

भिवराबाईने मान डोलावली, आणि तिची पावले दिंडीकडे वळली.

आज पहिल्यांदा ती या मातीवरून सरळ चालत होती. तोंड पश्चिमेला, पाठ नगारखान्याला. मागे तिची पावले उमटत होती, ठळक, वेडीवाकडी, कुणी न पुसलेली. तिने वळून पाहिले नाही. केरसुणी बाहेर दगडावरच राहिली होती, मूठ मोकळी होती, आणि तो मोकळा हात चालता चालता हलत होता, रिकाम्या हवेतून, सवयीने, सावकाश: डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.